गुरुवारची तारीख

पत्र (थोडं कमी करून):

माझा धाकटा भाऊ ३१ वर्षांचा आहे. वडील वाशीच्या मार्केटात माथाडी होते, आता घरी असतात. भाऊ रबाळे एमआयडीसीत एका कंपनीत होता, तिन्ही पाळ्या करायचा. सहा वर्षांपूर्वी पहिल्यांदा बिघडला. पाच-सहा रात्री झोप नाही, अखंड बडबड, कर्ज काढून बुलेट घेतली. डॉक्टरांनी बायपोलर सांगितलं, म्हणजे कधी उन्माद तर कधी नैराश्य असा आजार. दारू आधीपासून होती, नंतर वाढली. आजवर दोनदा व्यसनमुक्ती केंद्र आणि दोनदा मानसिक वॉर्ड झाला. केंद्रात म्हणाले, या गोळ्यासुद्धा नशाच, बंद करा. मनोविकाराचे डॉक्टर म्हणाले, आधी दारू सोडवा, मग आणा. दुसऱ्या वेळी केंद्राची चार माणसं रात्री घरी येऊन त्याला उचलून घेऊन गेली. पैसे आम्हीच भरले होते. तेव्हापासून तो माझ्याशी नीट बोलत नाही. आता बारा दिवसांपूर्वी वॉर्डातून घरी आलाय. मूड स्थिर ठेवायचं लिथियम आणि रात्रीची झोपेची गोळी चालू आहे. येत्या गुरुवारी ठाण्याला डॉक्टरांची तारीख आहे. तो म्हणतो, मी बरा आहे, येणार नाही. परवा थोडी घेऊन पण आला. आई मेडिकलमधून आणलेली दारू सोडवायची गोळी कुस्करून त्याच्या आमटीत घालते. वहिनी मुलीला घेऊन साताऱ्याला माहेरी गेली आहे. मी त्याला रोज दोनशे रुपये देते, नाहीतर घरात तमाशा होतो. त्या माणसांना पुन्हा बोलवावं का? हे किती वेळा करायचं?
– एक ताई, कोपरखैरणे

ताई,

पत्र मिळालं त्याच संध्याकाळी तुम्हाला फोन केला, तो आमटीसाठी. बाकीचं सविस्तर लिहिते म्हटलं होतं, ते हे. पण आमटीचं इथेही पहिल्यांदा सांगते, कारण हे फक्त तुमच्याच घरात चाललेलं नाही. 'पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा' अशी स्टिकरं लोकलच्या डब्यात आपण वर्षानुवर्षं बघतो. आईचा जीव शेवटी त्यालाच भुलतो.

दारू सोडवायची म्हणून मेडिकलवाले देतात ती गोळी बहुतेक वेळा डायसल्फिरामची असते. तुम्ही फोनवर पाकिटावरचं नाव वाचून दाखवलंत, तेही तेच निघालं. दारू पोटात गेली की यकृत आधी तिचं एक विषारी द्रव्य करतं आणि मग ते विष मोडून टाकतं. ही गोळी ते मोडायचं काम अडवते. मग माणूस प्यायला की विष साठत जातं. चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी एकदम खाली येतं. ज्याला हे ठाऊक आहे तो त्या भीतीने हात आवरतो, एवढाच या गोळीचा उपयोग. ज्याला आपण गोळी खातोय हेच ठाऊक नाही, तो सरळ सापळ्यात पाय टाकतो, आणि त्यात माणूस दगावू शकतो. शेवटची गोळी गेल्यावर दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. शिवाय काहींना या गोळीने भास आणि संशय सुरू होतात, म्हणून मानसिक आजार असलेल्याला ती देताना डॉक्टरही दहादा विचार करतात.

आईंनी ती बंद केली, बरं झालं. पण त्याला सांगायचं राहिलंय, आणि ते टाळता येणार नाही, कारण येत्या दोन आठवड्यांत तो प्यायला तर त्याला कळायलाच हवं की पोटात काय गेलं आहे. आईंनीच सांगावं, सकाळी, तो शुद्धीत असताना. "बाळा, चुकले. तुला न विचारता घातलं. आता नाही घालणार." तो चिडेल. ताट सरकवून उठेल. चिडू द्या. दोन दिवस वडापाव खाऊन राहील, पण पुढे घरातल्या अन्नावर त्याचा विश्वास बसेल, आणि तुम्ही हातात ठेवलेली गोळीही मग त्याच्या घशाखाली उतरेल.

आता तुमचा खरा प्रश्न. हे किती वेळा करायचं?

घरातले सगळे एकच हिशोब धरून बसले आहेत असं मला पत्रातून दिसतं. दारू सुटली तर उपचार लागू पडला, परवा थोडी घेऊन आला म्हणजे सगळं पाण्यात गेलं. हा हिशोब सध्या गुंडाळून ठेवा. सध्या फक्त पुढच्या तारखेकडे बघा. तो प्यायला का, हा प्रश्न दुसरा. तारीख चुकली का, हा पहिला. तारखा पाळत पाळत माणूस अडखळला तर डॉक्टर औषध बदलतील, मात्रा कमी-जास्त करतील, काही ना काही करतील. तारखाच सुटल्या की पुढची गाठ थेट पाच रात्री झोप नसलेल्या माणसाशी पडते.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. ठाण्यात मनोविकार विभागात सामाजिक कार्यकर्ती म्हणून लागले तेव्हाची गोष्ट आहे. कळव्याचा एक रिक्षावाला होता, दारू आणि नैराश्य दोन्ही. आम्ही त्याला बजावलं होतं की पिऊन आलास तर तपासणार नाही. तीन तारखा लागोपाठ चुकल्यावर मी त्याच्या केसपेपरवर लाल पेनाने 'अनुपस्थित' लिहिलं आणि फाईल कपाटात टाकली. पुढे त्याची बायको भेटली. ती म्हणाली, मॅडम, तो तिन्ही वेळा गेटपर्यंत आला होता हो. सकाळी हात थरथरायचे म्हणून एक नाइंटी मारून निघायचा, आणि तोंडाला वास येतोय म्हणून समोरच्या चहाच्या टपरीवर बसून परत जायचा. तिसऱ्या वेळी तर त्याने नंबरही लावला होता. तो पुन्हा आमच्याकडे आला तेव्हा दोन वर्षं उलटली होती, पायांवर सूज होती, डोळे पिवळे होते. तो नियम मी पाळला आणि तो नियम चुकीचा होता. त्यानंतर ज्याची तारीख चुकली त्याला मी त्याच दिवशी दुपारी फोन करते. बहुतेकदा समोरून 'उद्या येऊ का' असंच ऐकू येतं.

म्हणून गुरुवारी तो प्यायलेला असला तरी त्याला घेऊन जा. आत गेल्यावर स्पष्ट सांगा: घेतली आहे, केव्हा घेतली, किती घेतली. लपवू नका.

तुमच्या भावाची जी टोलवाटोलवी झाली तिचा मला राग येतो. केंद्र म्हणतं मनाच्या गोळ्या बंद करा, डॉक्टर म्हणतात आधी दारू सोडा, आणि मधल्या मध्ये माणूस घरी बसतो. त्याची दारू आणि त्याचा आजार असे दोन वेगळे रुग्ण नाहीत ना. नीट पाहा कसं चालतं ते. झोप लागेना म्हणून तो पितो. दारूने डोळा लागतो, पण तीन वाजता उघडतो आणि झोपेचं खोबरं होतं. बायपोलरमध्ये झोप तुटणं हीच उन्मादाची पहिली पायरी. उन्माद चढला की पैशाला आणि पिण्याला धरबंध राहत नाही. तो उतरला की नैराश्य, मग त्या जडपणावर पुन्हा दारू. यातला एक धागा ओढून दुसरा सुटत नाही. दोन्ही एकदमच धरावे लागतात.

जगात सगळीकडेच हे उशिरा कळलं. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यात रॉबर्ट ड्रेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गंभीर मानसिक आजार आणि व्यसन या दोन्हींवर एकाच चमूने एकाच ठिकाणी उपचार करायची पद्धत घडवली. त्यात टप्पे आहेत, आणि पहिला टप्पा दारू सोडण्याचा नाहीच. पहिला टप्पा नातं जुळण्याचा: माणूस येतो, बसतो, बोलतो, पुन्हा येतो. मग त्याच्या मनाची तयारी, मग प्रत्यक्ष सोडणं, मग घसरण टाळणं. तुमचा भाऊ पहिल्या टप्प्यावर आहे आणि घर त्याच्याकडून चौथ्या टप्प्याची अपेक्षा धरून आहे.

तेव्हा गुरुवारी डॉक्टरांना हे विचारा: "दारूचं आणि मूडचं, दोन्ही तुम्हीच बघाल का? नसेल तर दोन्ही बघणारं कोण आहे, त्यांच्या नावे चिठ्ठी द्याल का?" मनोविकारतज्ज्ञाच्या शिक्षणात व्यसनाचा उपचार येतोच, म्हणून विचारायला लाजू नका. पिण्याची ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट अशी औषधं आहेत. ती कोणाला चालतात हे यकृताच्या आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या बघून ठरतं. आणि 'गोळ्या म्हणजे नशा' असं पुन्हा कोणी म्हणालं तर त्यांना सांगा की अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस (एए) या दारू सोडणाऱ्यांनीच चालवलेल्या गटाच्या स्वतःच्या पुस्तिकेत लिहिलं आहे, सभासदांनी डॉक्टर होऊ नये, कोणालाही औषध बंद करायला सांगू नये. एएच्या मीटिंगला तो जात असेल तर जरूर जाऊ द्या. गोळी खाऊन जाऊ द्या.

त्याला न्यायचं कसं? तो 'येणार नाही' म्हणतो त्यात थोडं ठाण्याचंही आहे, मला माहीत आहे. आपल्याकडे शाळेतल्या पोरांपासून सगळे 'याला ठाण्याला भरती करा' म्हणत मोठे होतात. १९०१ सालापासून ते मनोरुग्णालय तिथे उभं आहे, आणि सव्वाशे वर्षं लोक त्या गावाचं नाव शिवीसारखं वापरतात. तुम्ही 'ठाण्याला चल' म्हणता तेव्हा त्याला काय ऐकू येत असेल, विचार करा. डॉक्टरांचं नाव घ्या. 'गुरुवारी अमक्या डॉक्टरांकडे जायचंय, मी येते तुझ्याबरोबर' एवढंच. आणि बुधवारी रात्री भाषण नको. बुधवारी फक्त फाईल काढून दाराजवळच्या खुंटीला पिशवीत लावून ठेवा: डिस्चार्ज कार्ड, केसपेपर, जुन्या चिठ्ठ्या, गोळ्यांची रिकामी पाकिटं. रिकामी पाकिटं मुद्दाम न्या. त्यांवरून डॉक्टरांना नेमक्या किती गोळ्या पोटात गेल्या ते कळतं.

गाडीचंही थोडं ठरवा. कोपरखैरण्याहून ठाणं वीसएक मिनिटांचं, पण मध्ये रबाळे लागतं. पाळी सुटायच्या वेळेला गेलात तर जुने सोबती डब्यात चढणार, 'काय रे, कुठे चाललास' विचारणार, आणि त्याला सगळ्यांसमोर खोटं बोलावं लागणार. पाळीची वेळ टाळा. परतताना स्टेशनबाहेर काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. तिथे एकटं सोडू नका. नाश्ता करूनच या, त्याला आवडेल तो. मामलेदारची मिसळ खायची असेल तर खाऊ द्या. तारखेचा दिवस म्हणजे शिक्षेचा दिवस हे त्याच्या मनातून असंच जाईल.

त्याच्याशी बोलायचं काय तेही सांगते, कारण पत्रात तुम्ही लिहिलेली बोलणी मी वाचली. 'मुलीकडे बघून तरी सोड' हे त्याने हजारदा ऐकलंय आणि हजारदा त्यावर प्यायलाय. त्यापेक्षा त्यालाच विचारा, "बरा आहेस म्हणतोस, मग कशामुळे बरं वाटतंय?" तो कदाचित म्हणेल, झोप लागते. "गोळीने लागते का?" म्हणेल, असेल. तिथे थांबा. गोळीच्या बाजूने त्याचं स्वतःचं एक वाक्य निघालं, ते तुमच्या दहा वाक्यांपेक्षा त्याला जास्त पटतं. मग गोळ्यांचा त्रास विचारा. हात कापतात, तहान लागते, वजन वाढतं, झोप सरत नाही, पुरुषांना आणखीही त्रास होतात जे ते बहिणीला सांगत नाहीत. माणसं गोळ्या सोडतात त्यामागे बऱ्याचदा असं एखादं न बोललेलं कारण असतं. डॉक्टरांकडे त्याला पाच मिनिटं एकट्याला बसू द्या.

लिथियमबद्दल दोन गोष्टी मात्र घरातल्या सगळ्यांना पाठ हव्यात. या औषधाची गुणकारी मात्रा आणि विषारी मात्रा यांत फार अंतर नसतं, म्हणून रक्तातली पातळी तपासतात. आदल्या रात्रीच्या गोळीनंतर साधारण बारा तासांनी रक्त द्यायचं, सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यावर घ्यायची. उलट्या-जुलाब झाले, उन्हात घाम गेला, पाणी कमी पडलं, की पातळी चढते. कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून आणलेल्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्यांनीही चढते. माथाड्याच्या घरात कंबरदुखीची गोळी कुठल्याही डब्यात सापडते, म्हणून हे खास सांगते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. पातळी फार चढली की माणूस झोकांड्या खातो, जीभ जड होते, हात जोरात कापतात, ओकतो, ग्लानीत जातो. म्हणजे अगदी प्यायल्यासारखा दिसतो. आणि घरचे म्हणतात, आला पिऊन, पडू दे. ताई, वास नसेल आणि चाल अशी दिसली तर पडू देऊ नका, थेट हॉस्पिटलात न्या आणि 'लिथियम चालू आहे' हे पहिलं वाक्य सांगा. वास असला तरी शंका आली तर न्याच.

झोपेची गोळी आणि दारू एकत्र घेतली तर श्वास मंदावतो, हे त्याला समोर बसवून सांगा. प्यायलेल्या रात्री कुठली गोळी घ्यायची आणि कुठली नाही हे गुरुवारी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. नाहीतर 'दारूवर गोळ्या चालत नाहीत' म्हणून लोक सगळ्याच गोळ्या सोडतात, आणि एक रात्रीचे तीन आठवडे कधी होतात ते कळत नाही.

आणि तो पुन्हा रोज भरपूर प्यायला लागला, तर खोलीत कोंडून एका दिवसात बंद करू नका. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम, ताप, भिंतीवर किडे दिसणं असं होऊ शकतं. हे जिवावर बेततं. ते हॉस्पिटलातच, औषधं आणि बी-वन जीवनसत्त्व देऊन करायचं काम आहे.

आता त्या चार माणसांबद्दल. नका बोलावू. तुमच्यावर मी दोष ठेवत नाही, त्या रात्री तुमच्यापुढे दुसरा रस्ता कोणी ठेवलाच नव्हता. पण तो तुमच्याशी बोलत नाही त्याचं मूळ त्या रात्रीत आहे, आणि संधी मिळाली तर त्याबद्दलही त्याला दोन शब्द बोला. रस्ता कायद्यात आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकारही मानसिक आजारात धरले आहेत. जिवाला किंवा दुसऱ्याला धोका असेल आणि तो स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल, तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावर, दोघांनी (त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ) स्वतंत्र तपासून ३० दिवसांपर्यंत दाखल करता येतं. साखळीने बांधायला हा कायदा मनाई करतो. आणि त्यातली मला सगळ्यात आवडणारी तरतूद म्हणजे माणूस बरा असताना आपला प्रतिनिधी कोण आणि पुन्हा बिघडलो तर कसे उपचार हवेत, कसे नकोत, हे लिहून ठेवू शकतो. महिन्या-दोन महिन्यांनी तो स्थिरावला की त्याच्यासोबत बसून हे लिहा. पहिली ओळ त्यालाच लिहू द्या. मला खात्री आहे की ती 'रात्री माणसं पाठवू नका' अशीच असेल.

दोनशे रुपये बंद करा, पण भांडणाच्या दिवशी नका करू. सकाळी सांगा: "आजपासून हातात रोख नाही. गाडीचा पास मी काढून देईन, जेवण-चहा घरात, मोबाइलचं रिचार्ज मी करीन." तमाशा होईल तेव्हा खोलीबाहेर पडा, शेजारी जा. अंगावर धावला तर ११२ ला फोन करा, त्यात कसला कमीपणा नाही. आणि ज्या संध्याकाळी तो न पिता घरात आहे त्या संध्याकाळी त्याच्याजवळ बसा, कॅरम काढा, क्रिकेट लावा. आत्ता तुमच्या घरात उलटं आहे. तो पिऊन आला की सगळं घर त्याच्याभोवती गोळा होतं, आणि शुद्धीत असला की सगळे आपापल्या मोबाइलमध्ये.

वहिनींना परत बोलावण्यासाठी आईंनी रोज फोन करू नये. त्या तिथे सुरक्षित आहेत, मुलगी शाळेत जाते आहे, सध्या एवढं पुरे. 'बरा झालास तर बायको येईल' हे आमिषही दाखवू नका. ते त्यांच्या वतीने तुम्ही कोण देणार? रविवारी ठरलेल्या वेळी मुलीशी व्हिडिओ कॉल होऊ द्या, शुद्धीत असेल तरच.

एक प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण वॉर्डातून घरी आल्यानंतरचे पहिले आठवडे जिवाच्या दृष्टीने सगळ्यात नाजूक असतात. लिथियमचा साठा त्याच्या हाती नको. आठवड्यापुरत्या गोळ्या बाहेर, बाकी तुमच्याकडे कुलपात. तो गप्प गप्प झाला, निरवानिरवीचं बोलू लागला, तर सरळ विचारा: "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने ते मनात शिरत नाही. उलट बऱ्याच जणांना कोणीतरी विचारलं याने हलकं वाटतं. त्या क्षणी एकट्याला सोडू नका. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबर आहे, २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. दारूबद्दल वेगळं विचारायला १४४४६ आहे. जिवावर बेतलं तर १०८.

हेच नाजूक आठवडे डोळ्यांसमोर ठेवून न्यूयॉर्कमध्ये एक काम झालं. बेघरांच्या निवाऱ्यातून घरात राहायला जाणाऱ्या, गंभीर मानसिक आजार असलेल्या पुरुषांना नऊ महिने एकच ओळखीचा कार्यकर्ता दिला. तो घरी जायचा, डॉक्टरांशी बोलायचा, घरच्यांमधले वाद मिटवायचा, आणि हळूहळू बाजूला व्हायचा. ९६ जणांचा तो अभ्यास १९९७ साली छापून आला. दीड वर्षात त्या कार्यकर्त्याची सोबत मिळालेले सरासरी ३० रात्री रस्त्यावर किंवा निवाऱ्यात होते, बाकीचे ९१. तुमच्या भावाला असा कार्यकर्ता कोणी देणार नाही. पण वडील आहेत की. ते निवृत्त आहेत, सकाळी त्यांनाही काही काम नाही. पाठीवर पोती वाहून घर उभं करणारा माणूस पोरापुढे हात टेकून बसलाय. त्यांच्याकडे एक काम द्या: दर तारखेला बरोबर जायचं आणि पाकिटावर पेनाने वार लिहायचे. भावाचं आणि तुमचं बिनसलेलं असताना तर हे त्यांनीच केलेलं बरं. गुरुवारी तुम्ही जा, त्यांनाही न्या, पुढच्या तारखेपासून ते.

आणि हे चौथ्यांदा करताय म्हणून मान खाली घालू नका. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १२ राज्यांत असं दिसलं की बायपोलर असलेल्या शंभरांतले सुमारे ७० आणि दारूचा विकार असलेल्या शंभरांतले सुमारे ८६ उपचारापर्यंत पोचलेलेच नाहीत. तुमच्या घराने त्याला चार वेळा पोचवलं आहे.

नोकरीचं घाईने नको. कामावर घेतलं तर रात्रपाळी नको, असं डॉक्टरांचं प्रमाणपत्र आधी घ्या. झोपेची वेळ पाळीसोबत फिरत राहिली तर औषधही हरतं.

शेवटी आईंचे दोन प्रश्न, फोनवर त्यांनी विचारलेले. माळ घालावी का? त्याचं मन असेल तर खुशाल घाला. वारकरी माळेने किती तरी जणांचा हात थांबलाय, मी पाहिलंय. पण माळ घातली म्हणून गोळी बंद, असं नाही. आणि एखाद्या दिवशी प्यायला तर 'माळेला बट्टा लावलास' म्हणू नका, त्या लाजेने तो माळही काढेल आणि गोळीही सोडेल. दुसरा प्रश्न गावच्या जत्रेचा. नेऊ शकता. भावकी ग्लास पुढे करणार, म्हणून तुम्ही किंवा वडील कायम बरोबर, मुक्काम एकच रात्र, गोळ्या वडिलांच्या खिशात. आणि निघण्याआधी परतल्यावरची डॉक्टरांची तारीख घेऊन मगच एसटीचं तिकीट काढा.